विषुववृत्तावरील हिमशिखर : माउंट केनिया

भूगोलाच्या पहिल्या पाठांत विषुववृत्ताची ओळख उष्ण कटिबंधाचा मध्य म्हणून होते. तेथे सूर्य बाराही महिने तळपतो, पाऊस भरपूर पडतो आणि दाट अरण्ये माजतात, असे आपण शिकतो. हे सारे खरे आहे. परंतु ते सखल प्रदेशापुरतेच खरे आहे. एखाद्या स्थळाचे अक्षांश व रेखांश सांगितले म्हणजे त्या स्थळाची ओळख पुरी झाली असे आपणांस वाटते. त्याची समुद्रसपाटीपासूनची उंची मात्र पुष्कळदा सांगावयाची राहून जाते. ही तिसरी मोजपट्टी हाती नसेल, तर तेथील हवा, झाडेझुडपे आणि मनुष्यवस्ती यांपैकी कशाचाच नीट उलगडा होत नाही.

याचे अत्यंत बोलके उदाहरण म्हणजे पूर्व आफ्रिकेतील माउंट केनिया हा पर्वत होय. केनिया देशाच्या राजधानीपासून, म्हणजे नैरोबीपासून, उत्तर-ईशान्येस सुमारे १५० किलोमीटरवर तो उभा आहे. त्याचे शिखर विषुववृत्ताच्या दक्षिणेस अवघे सोळा-सतरा किलोमीटर अंतरावर आहे. त्याच्या उत्तर उतारावरून तर विषुववृत्ताची रेषाच जाते. असे असूनही त्याच्या माथ्यावर हिमनद्या आहेत. बाटियान हे त्याचे सर्वोच्च शिखर ५१९९ मीटर उंच असून त्याच्या शेजारचे नेलिऑन ५१८८ मीटर आणि लेनाना ४९८५ मीटर उंच आहे. आफ्रिका खंडात किलिमांजारोच्या (५८९५ मीटर) खालोखाल याच पर्वताचा क्रम लागतो.

या उंचीची कल्पना येण्यासाठी आपल्या ओळखीची स्थळे डोळ्यांपुढे आणावीत. बेळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे ७५० मीटर उंचीवर वसले आहे. महाराष्ट्रातील सर्वोच्च शिखर कळसूबाई १६४६ मीटर उंच आहे; नैरोबी शहरच जवळजवळ तेवढ्या उंचीवर आहे. कळसूबाईवर कळसूबाई आणि त्यावर आणखी एक कळसूबाई ठेवली, तरी बाटियानचा माथा अडीचशे मीटर वरच राहील.

आता एक सोपा हिशेब करून पाहू. हवेत वर जाऊ लागले, की दर हजार मीटरला तापमान सरासरीने साडेसहा अंश सेल्सिअसने उतरते. केनियाच्या समुद्रकिनाऱ्यावर सरासरी तापमान २६-२७ अंश असते. पाच हजार दोनशे मीटर उंचीसाठी त्यातून सुमारे ३४ अंश वजा करावे लागतील; म्हणजे शिखरावरचे तापमान शून्याखाली सात अंशांच्या आसपास येईल. हिशेब ढोबळ आहे खरा, पण विषुववृत्तावर बर्फ कसे टिकते या प्रश्नाचे उत्तर त्यात आहे.

पर्वताचा जन्म

माउंट केनिया हा हिमालयासारखा भूस्तरांना घड्या पडून उठलेला पर्वत नव्हे. तो विझलेला ज्वालामुखी आहे. सुमारे ३१ लक्ष ते २६ लक्ष वर्षांपूर्वीच्या काळात तो धगधगत होता आणि लाव्हा व राख यांचे थरावर थर साचून तो वाढला. आपला सह्याद्रीही लाव्हारसाच्याच थरांचा बनलेला आहे. परंतु त्याचे वय सुमारे साडेसहा कोटी वर्षे आहे. त्या मानाने हा पर्वत अगदी तरुण म्हटला पाहिजे. ऐन भरात असताना तो सहा हजार मीटरांहूनही उंच असावा, असे भूशास्त्रज्ञ मानतात.

मग आजचे सुळके कोठून आले? ज्वालामुखी शांत झाला तेव्हा त्याच्या मुखातील नळीत उरलेला रस सावकाश थंड होऊन अतिशय कठीण खडक झाला. नंतर हिमयुगांत प्रचंड हिमनद्यांनी भोवतालचा ठिसूळ भाग खरवडून नेला आणि आतला कठीण गाभा तेवढा उघडा राहिला. बाटियान आणि नेलिऑन ही जोडशिखरे म्हणजे ज्वालामुखीच्या कंठात बसलेले बूचच होय. या दोहोंमधील अरुंद, बर्फाळ खिंडीला गिर्यारोहकांनी ‘धुक्याचे द्वार’ असे अर्थपूर्ण नाव दिले आहे. हिमनद्यांनी कोरलेल्या रुंद दऱ्या आणि त्यांच्या तळाशी साचलेली निळी-हिरवी तळी पर्वताच्या सर्व बाजूंना आढळतात.

नाव आणि शोध

या पर्वताचा शोध अमुक युरोपीय प्रवाशाने लावला, असे वाक्य जुन्या पुस्तकांत आढळते. त्याचा अर्थ एवढाच घ्यावयाचा, की त्या प्रवाशाने तो प्रथम युरोपला कळविला. पायथ्याशी पिढ्यान् पिढ्या राहणाऱ्या किकुयू, एंबू, मेरू, कांबा व मसाई लोकांना तो ठाऊक होताच. किकुयू लोक त्याला किरिन्यागा म्हणतात आणि त्यांचा देव न्गाई त्यावर वास करतो अशी त्यांची श्रद्धा आहे. घराचे दार पर्वताकडे तोंड करून ठेवण्याची आणि त्याच्याकडे पाहून प्रार्थना करण्याची त्यांची परंपरा आहे. पुढे या पर्वतावरूनच साऱ्या देशाला केनिया हे नाव मिळाले. स्वतंत्र केनियाचे पहिले राष्ट्राध्यक्ष जोमो केन्याटा यांनी आपल्या समाजाविषयी १९३८ साली ग्रंथ लिहिला, त्याच्या नावातही हाच पर्वत आहे.

३ डिसेंबर १८४९ रोजी लुडविग क्राप्फ या जर्मन धर्मोपदेशकाने कितुई गावाहून या पर्वताचे दर्शन घेतले. त्याच्या आदल्याच वर्षी त्याचा सहकारी रेबमान याने किलिमांजारोवरचे बर्फ पाहिले होते. विषुववृत्तावर बर्फ! लंडनमधील काही विद्वान भूगोलज्ञांनी ही वार्ता हसण्यावारी नेली. डेस्बरो कूली हे त्यांतले प्रमुख होत. त्यांनी आफ्रिकेवर ग्रंथ लिहिले होते, परंतु त्या भागात पाऊल टाकले नव्हते. अनेक वर्षांनी इतर प्रवाशांनी पुरावे आणले, तेव्हा या धर्मोपदेशकांचे म्हणणे खरे ठरले. १८८३ साली जोसेफ थॉमसन हा प्रवासी पर्वताजवळ पोहोचला; १८८७ साली काउंट तेलेकी अरण्यपट्टा ओलांडून बराच वर चढला; १८९३ साली भूशास्त्रज्ञ ग्रेगरी याने हिमनद्यांपर्यंत मजल मारली.

१३ सप्टेंबर १८९९ रोजी ऑक्सफर्ड विद्यापीठातील भूगोलाचे अध्यापक हॅलफर्ड मॅकिंडर यांनी सेझार ओलिए व जोसेफ ब्रोशरेल या वाटाड्यांसह बाटियानवर पाऊल ठेवले. शिखरांची बाटियान, नेलिऑन, लेनाना ही नावे मसाईंच्या धर्मप्रमुखांची असून ती मॅकिंडर यांनीच दिली. नेलिऑनवर मनुष्य पोहोचावयास मात्र आणखी तीस वर्षे लागली. ६ जानेवारी १९२९ रोजी एरिक शिप्टन व विन-हॅरिस यांनी ते सर केले. त्या वेळी शिप्टन अवघा एकवीस वर्षांचा होता. याच शिप्टनच्या नेतृत्वाखाली १९५१ साली एव्हरेस्टच्या दक्षिण बाजूची जी पाहणी झाली, तिचा उपयोग १९५३ साली तेनसिंग व हिलरी यांच्या यशस्वी चढाईला झाला.

याच पर्वताशी निगडित असलेली एक विलक्षण कथा सांगितल्यावाचून पुढे जाववत नाही. दुसऱ्या महायुद्धात पायथ्याच्या नान्युकी गावाजवळ इटालियन युद्धकैद्यांची छावणी होती. १९४३ सालच्या जानेवारीत फेलिचे बेनुत्सी आणि त्याचे दोन सोबती तेथून निसटले, तेही मुक्त होण्यासाठी नव्हे, तर केवळ समोरचे शिखर चढण्यासाठी! भंगारातून त्यांनी बर्फावर चालण्याची साधने तयार केली, शिध्यातले अन्न वाचवून साठविले, आणि नकाशा नव्हता म्हणून एका अन्नाच्या डब्यावरील वेष्टनावर छापलेल्या पर्वताच्या चित्राचा आधार घेतला. बाटियानचा प्रयत्न त्यांना सोडून द्यावा लागला. पण ६ फेब्रुवारीस त्यांतील दोघांनी लेनाना गाठले आणि तेथे आपल्या देशाचा ध्वज रोवला. त्यानंतर तिघेही आपण होऊन छावणीत परत गेले! त्यांना अठ्ठावीस दिवसांच्या एकांतवासाची शिक्षा झाली, पण त्यांच्या साहसाचे कौतुक वाटून अधिकाऱ्याने ती सात दिवसांवर आणली.

पुढे १२ डिसेंबर १९६३ रोजी केनिया स्वतंत्र झाला तेव्हा किसोई मुन्याओ या केनियाच्या गिर्यारोहकाने या पर्वतमाथ्यावर नव्या राष्ट्राचा ध्वज फडकविला.

पायथ्यापासून माथ्यापर्यंत

विषुववृत्तापासून ध्रुवाकडे जाऊ लागले तर वनस्पतींचे पट्टे हजारो किलोमीटरांच्या प्रवासात बदलत जातात. या पर्वतावर तसे पट्टे तीन-चार दिवसांच्या पायी चालीत एकामागून एक ओलांडावे लागतात.

पायथ्याशी तांबड्या ज्वालामुखी मातीची सुपीक शेते आहेत. चहा, कॉफी, मका यांची लागवड अरण्याच्या सीमेपर्यंत पोहोचली आहे. त्यानंतर डोंगरी अरण्य सुरू होते. हिंदी महासागरावरून येणारे बाष्पयुक्त वारे दक्षिण व पूर्व उतारांवर आदळतात. त्यामुळे तेथे उत्तरेच्या उतारांपेक्षा दुपटीहून अधिक पाऊस पडतो. आपल्याकडे घाटमाथ्यावर धो धो पाऊस आणि पलीकडे देशावर कोरडी हवा, त्यातलाच हा प्रकार. ओल्या बाजूला कापराच्या जातीचे उंच वृक्ष आणि कोरड्या बाजूला देवदारासारखे सूचिपर्णी वृक्ष अशी विभागणीही स्पष्ट दिसते. या अरण्यात हत्ती, रानरेडे, बिबटे आणि पांढऱ्या झुपकेदार शेपटीची काळी कोलोबस माकडे राहतात. बोंगो नावाचे तांबूस, पांढऱ्या पट्ट्यांचे दुर्मीळ हरीणही या अरण्यातले.

सुमारे २४०० मीटरांवर ओल्या उतारांवर बांबूचे दाट बन लागते. ३००० मीटरांच्या सुमारास बांबू संपतो आणि हॅजेनिया नावाचे वाकडेतिकडे, शेवाळाने व दगडफुलाच्या जटांनी मढलेले वृक्ष दिसू लागतात. अरण्याची ही शेवटची वेस होय. तिच्यापलीकडे हीदरची उंच झुडपे, मग गवताच्या ठोंबांनी भरलेली ओलसर माळराने, आणि ३८०० मीटरांच्या वर अशी काही झाडे, की पाहणाऱ्याला आपण दुसऱ्याच एखाद्या ग्रहावर आलो की काय असे वाटावे. साडेचार हजार मीटरांवर तीही सरतात. खडक, शेवाळ, वाळूसारखी घसरती खडी आणि बर्फ एवढेच उरते.

एका दिवसात दोन ऋतू

ध्रुवप्रदेशाशी केलेली ही तुलना मात्र एका मुद्द्यावर थांबवावी लागते. ध्रुवाकडे सहा महिने उन्हाळा व सहा महिने हिवाळा असतो. विषुववृत्तावर दिवस-रात्र बाराही महिने जवळजवळ सारखी असल्याने महिन्यामहिन्यांच्या सरासरी तापमानात फारच थोडा फरक पडतो. परंतु चार हजार मीटरांवर दुपार आणि पहाट यांच्या तापमानात मोठी तफावत असते. दुपारी ऊन अंग भाजते, आणि पहाटे झऱ्यांवर बर्फाची साय धरते. आपल्याला वर्षाकाठी एकदा येणारे उन्हाळा-हिवाळा या पर्वतावर चोवीस तासांत येऊन जातात. दिवसाचा क्रमही बहुधा ठरलेला असतो : सकाळ स्वच्छ, दुपारच्या सुमारास दरीतून ढग वर चढतात, मग गारा किंवा भुरभुर हिम, आणि रात्री पुन्हा ताऱ्यांनी भरलेले आकाश. म्हणूनच येथील वाटसरू पहाटे निघतो आणि दुपारच्या आत मुक्काम गाठतो.

अशा हवेत जगणाऱ्या वनस्पतींना हिवाळाभर पाने गाळून झोपी जाण्याची सोय नाही. त्यांना प्रत्येक रात्र सोसावी लागते आणि प्रत्येक सकाळी कामाला लागावे लागते. जमीनही त्यांना स्वस्थ बसू देत नाही. रात्री मातीतील ओलावा गोठून बर्फाच्या सुया तयार होतात व माती उचलली जाते. सकाळी त्या वितळल्या की माती खाली बसते. या रोजच्या हालचालीत कोवळी रोपे उपटून पडतात.

येथील महाकाय सेनेशिओ हे झाड सूर्यफुलाच्या कुळातले आहे. सह्याद्रीच्या पठारांवर पावसाळ्याअखेरीस पिवळीधमक फुलणारी सोनकी आपण सर्वांनी पाहिली आहे. ती आणि हे झाड एकाच गोतातली. सोनकी फार तर गुडघ्यापर्यंत पोहोचते. तिचा हा आफ्रिकी आप्त मात्र पाच-सहा मीटर उंच वाढतो. त्याची वाळलेली पाने गळून पडत नाहीत; खोडाला लपेटून राहतात आणि घोंगडीप्रमाणे खोडातील पाणी गोठू देत नाहीत. शेंड्यावरची मोठी पाने रात्री मिटून आतल्या कोवळ्या अंकुराला झाकतात.

दुसरी नवलाची वनस्पती म्हणजे महाकाय लोबेलिया. महाबळेश्वरच्या परिसरात जिला देवनळ किंवा रानतंबाखू म्हणतात, तिच्याच वंशातली ही. केनियावर तिच्या दोन जाती प्रसिद्ध आहेत. एकीच्या पानांच्या वाटीसारख्या गुच्छात पाणी साठते. रात्री त्या पाण्यावर बर्फाची पातळ खपली धरते, पण खालचे पाणी गोठत नाही आणि अंकुर वाचतो. दुसरीला काउंट तेलेकीचे नाव मिळाले आहे. तिच्या उंच तुऱ्यावर लांब केसांसारखी पाने असून ती लोकरीचे काम करतात. ही वनस्पती अनेक वर्षे वाढते, एकदाच फुलते आणि मरते. आपल्याकडे सात वर्षांनी फुलून वाळणाऱ्या कारवीची येथे आठवण व्हावी. या तुऱ्यांतील मध चाखावयास लांब शेपटीचा चकचकीत हिरवा शिंजीर पक्षी एवढ्या उंचीवर येतो आणि परागीकरण करून जातो.

खडकांच्या कपारींतून हायरॅक्स नावाचे सशाएवढे गुबगुबीत प्राणी डोकावतात. दिसावयास ते उंदराच्या जातीचे वाटले, तरी प्राणिशास्त्राच्या दृष्टीने त्यांचे जवळचे नाते हत्तीशी आहे.

विषुववृत्ताचे सान्निध्य गिर्यारोहकाला आणखी एका प्रकारे जाणवते. जूनच्या आगेमागे सूर्य उत्तरेकडे असतो, तेव्हा उत्तरेचे कडे कोरडे व उबदार होतात. डिसेंबरच्या आगेमागे तो दक्षिणेकडे सरकतो आणि दक्षिणेच्या कड्यांची पाळी येते. यामुळे एका शिखराच्या दोन बाजू चढण्याचे हंगाम निरनिराळे ठरतात.

चढाईच्या तीन वाटा

बाटियान आणि नेलिऑन ही शिखरे दोराच्या साहाय्याने कडे चढणाऱ्या अनुभवी गिर्यारोहकांचीच होत. परंतु लेनाना शिखरावर धडधाकट मनुष्य चालत जाऊ शकतो. मार्चच्या मध्यापासून जूनपर्यंत आणि ऑक्टोबर ते डिसेंबर या काळात पाऊस असतो. म्हणून जानेवारी-फेब्रुवारी आणि जुलै ते सप्टेंबर हे महिने चढाईला योग्य मानतात. वाटा अनेक आहेत, पण त्यांतल्या तीन मुख्य होत.

पहिली नारो मोरू वाट पश्चिमेकडून जाते. तीच सर्वांत जवळची. सुमारे २४०० मीटरांवरील प्रवेशद्वारापासून अरण्यातून चढत ३०५० मीटरांवरील हवामान-केंद्राजवळ पहिला मुक्काम होतो. तेथून पुढे ‘उभी दलदल’ या नावाने ओळखला जाणारा चिखलाचा चढ लागतो. गवताच्या एका ठोंबावरून दुसऱ्या ठोंबावर पाऊल टाकीत तो पार करावा लागतो. मग तेलेकी दरी उघडते आणि जोडशिखरे एकदम समोर येतात. दरीत ४२०० मीटरांवर मॅकिंडर यांच्या नावाचा तळ आहे. तेथून मध्यरात्रीनंतर निघून घसरत्या खडीच्या चढाने आणि लुईस हिमनदीच्या कडेने लेनाना गाठतात.

दुसरी सिरिमोन वाट वायव्येकडून जाते. विषुववृत्तावरच वसलेले नान्युकी हे गाव तिला जवळचे. कोरड्या बाजूची असल्याने या वाटेवर चिखल कमी आणि चढ सौम्य. २६५० मीटरांवरील प्रवेशद्वारापासून ३३०० मीटरांवरील ओल्ड मोझेस तळावर पहिली रात्र काढतात. दुसऱ्या दिवशी लांबलचक मॅकिंडर दरीतून, सेनेशिओच्या बनांमधून चालत ४२०० मीटरांवरील शिप्टन तळ गाठावयाचा. उत्तरेचे उभे कडे येथून जवळून दिसतात.

तिसरी चोगोरिया वाट पूर्वेकडची. ती सर्वांत लांब, पण सौंदर्याच्या दृष्टीने तिला तोड नाही असे जाणकार सांगतात. बांबूची बने आणि अरण्य ओलांडून वर आल्यावर गॉर्जेस दरीच्या काठाकाठाने वाट जाते. हिमनदीने खोल कोरलेल्या या दरीच्या तळाशी मायकेलसन तलाव आहे आणि त्याच्यावर उभा कडा उठला आहे. तळ्याकाठचे गवत, दरीतला विव्हिएन धबधबा आणि वर सुळक्यांची रांग असे दृश्य पाहून हा ज्वालामुखी एके काळी आग ओकत होता, हे खरेच वाटत नाही. पुष्कळ लोक सिरिमोन वाटेने चढून चोगोरिया वाटेने उतरतात. त्यामुळे कोरडी व ओली अशा दोन्ही बाजू पाहावयास मिळतात.

लेनानाच्या माथ्यावर सूर्योदयाच्या वेळी पोहोचावे असा प्रघात आहे. हवा अगदी निर्मळ असली, तर दक्षिणेस सुमारे सव्वातीनशे किलोमीटर दूर असलेला किलिमांजारो क्षितिजावर उमटतो.

विरळ हवेचा धडा

लेनानाची वाट सोपी आहे, या वाक्यातच मोठा धोका लपलेला आहे. लेनानावर हवेचा दाब समुद्रसपाटीवरील दाबाच्या निम्म्याहून थोडाच अधिक असतो. म्हणजे प्रत्येक श्वासाबरोबर मिळणारा प्राणवायूही त्याच मानाने कमी. शरीर या बदलाशी जुळवून घेते, पण त्याला वेळ द्यावा लागतो. तो न दिल्यास डोके दुखणे, मळमळणे, अन्नावरची वासना जाणे, झोप न लागणे अशी लक्षणे दिसू लागतात. यालाच उंचीचा विकार म्हणतात. स्वस्थ बसले असतानाही धाप लागणे, फेसाळ कफ पडणे, बोलण्यात भ्रम आणि चालण्यात झोक जाणे ही प्राणसंकटाची चिन्हे होत. तेव्हा पहाट होण्याची वाट न पाहता, सोबतीने आजाऱ्यास तत्काळ खाली उतरविणे हाच पहिला उपचार.

तीन हजार मीटरांच्या वर गेल्यावर एका रात्रीच्या मुक्कामापेक्षा दुसऱ्या रात्रीचा मुक्काम तीनशे ते पाचशे मीटरांहून अधिक उंचीवर असू नये आणि तीन-चार दिवसांनी एक दिवस विसावा घ्यावा, असा वैद्यकशास्त्राचा सल्ला आहे. आता वर दिलेले मुक्काम पुन्हा वाचावेत. ३०५० वरून ४२००, किंवा ३३०० वरून ४२००! नेहमीचा वेगवान कार्यक्रम या सल्ल्यात बसत नाही, हे आकडेच सांगतात. म्हणून वाटेत एखादी अधिक रात्र काढणारा शहाणा. माउंट केनियाची ख्याती कठीण पर्वत म्हणून जितकी आहे, तितकीच फसवा पर्वत म्हणूनही असावयास हवी. कारण मोटारीने थेट अरण्याच्या सीमेपर्यंत येणाऱ्या तरुण, दणकट माणसालाच घाईचा मोह अधिक होतो. तेथील वाटाडे ‘पोले पोले’ असे वारंवार बजावतात. स्वाहिली भाषेत त्याचा अर्थ ‘हळूहळू’. त्यांचा हा सल्ला आणि वैद्यकाचा नियम एकच गोष्ट सांगतात.

वितळणारे हिम

मॅकिंडर चढले त्या काळी, १८९९ साली, या पर्वतावर अठरा हिमनद्या होत्या. त्यांतल्या कित्येक आता नाहीशा झाल्या आहेत आणि उरलेल्या झपाट्याने आटत आहेत. लुईस हिमनदीची मोजमापे १९३४ सालापासून उपलब्ध आहेत. त्या वर्षापासून २०१० सालापर्यंत तिच्यातील सुमारे नव्वद टक्के बर्फ नष्ट झाले, असे अभ्यासकांनी दाखवून दिले आहे. वाढते तापमान आणि बदललेले पाऊस-ढगांचे मान ही याची कारणे होत. १९४९ साली या पर्वतावर राष्ट्रीय उद्यान झाले आणि १९९७ साली युनेस्कोने त्याला जागतिक वारशात स्थान दिले. पण कोणत्याही उद्यानाच्या कुंपणाने तापलेली हवा अडत नाही. जागतिक वारशातील आफ्रिकेच्या हिमनद्या २०५० सालापर्यंत नाहीशा होण्याचा संभव आहे, असे युनेस्कोने २०२२ साली जाहीर केले. म्हणजे आज शाळेत असलेल्या मुलांना चाळिशी गाठण्याच्या सुमारास हे हिम दिसेलच असे नाही.

हिम गेले तर नद्या कोरड्या पडतील काय, असा प्रश्न साहजिकच मनात येतो. त्याचे उत्तर नीट समजून घेतले पाहिजे. या पर्वतावरून पूर्वेस व दक्षिणेस वाहणारे ओढे ताना नदीला मिळून हिंदी महासागरात जातात. तानावरील धरणांतून देशाला वीज मिळते. उत्तरेकडचे व पश्चिमेकडचे प्रवाह एवासो न्गिरो नदीतून कोरड्या कुरणांना पाणी पुरवितात. परंतु या नद्यांचे पाणी मुख्यतः येते ते पावसाचे आणि अरण्याने व माळरानावरील दलदलीने झिरपून ठेवलेले. आता उरलेल्या एवढ्याशा बर्फाचा वाटा त्यात अल्प आहे. तेव्हा हिमनद्या वाचविणे एकट्या केनियाच्या हाती नसले, तरी अरण्य राखणे त्याच्या हाती आहे, आणि लाखो लोकांचे पाणी त्या अरण्यावरच अवलंबून आहे. हिम ही धोक्याची खूण आहे, अरण्य हा आधार आहे. या दोहोंत गल्लत होऊ देऊ नये.

विद्यार्थी मित्रहो, आपल्यापैकी फारच थोडे जण हा पर्वत प्रत्यक्ष पाहतील. परंतु त्याने शिकविलेला भूगोल पडताळून पाहण्यासाठी आफ्रिकेत जाण्याची गरज नाही. पुढच्या सहलीत एखादा गड किंवा घाट चढताना पायथ्याशी आणि माथ्यावर तापमान मोजून लिहून ठेवावे. वाऱ्याकडील आणि पलीकडील उतारांवरची झाडे निरखावीत. पावसाळ्यानंतर सोनकी कोठपासून कोठपर्यंत फुलली आहे याची नोंद करावी. लंडनमध्ये बसून विषुववृत्तावरचे बर्फ नाकारणाऱ्या विद्वानांपाशी ग्रंथ पुष्कळ होते. अशी एखादी नोंद मात्र त्यांच्यापाशी नव्हती.